परक्याचे कर्ज आणि आपली वही



या व्याख्यानमालेत दरवर्षी साहित्यावर आणि इतिहासावर अधिकाराने बोलणारी माणसे येतात. यंदा आपण एका होमिओपॅथिक डॉक्टरला उभे केलेत, त्यामागे एक निमित्त आहे. आपल्यातल्याच काही मंडळींनी एक सूचना मांडली आहे. आपल्या जुन्या, स्थिरावलेल्या मराठी घरांतून निधी जमवावा आणि या परिसरातल्या गरीब, अनोळखी कुटुंबांची थकलेली कर्जे विकत घेऊन ती माफ करून टाकावीत, अशी ती सूचना. कार्यकारिणीत तिच्यावर बराच वाद झाला. शेवटी कुणीतरी म्हणाले, डॉक्टरांना विचारा, त्यांच्याकडे कर्जबाजारी माणसे रोज येतात. ते खरे आहे. डोकमर्डीतल्या माझ्या दवाखान्यात गेली पस्तीस वर्षे झोप लागत नाही, छातीत धडधडते, जेवण जात नाही अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांशी दहा मिनिटे बोललो की बहुधा एखादा हप्ता निघतो.

आणखीही एक कारण आहे. मी जैन आहे. माझे वडील नगर जिल्ह्यातल्या एका गावात किराणा दुकान चालवत. उधारीची वही म्हणजे काय, हे मी वैद्यकाच्या आधी शिकलो. तेव्हा या विषयावर मी तिऱ्हाइतासारखा बोलू शकणार नाही. हे भाषण आता आपण छापील रूपात वाचत आहात. पटले नाही तर तिथे थांबा, मनाशी वाद घाला आणि मग पुढे जा.

प्रथम ही कल्पना आली कुठून ते पाहू. अमेरिकेत २०१२ साली 'रोलिंग ज्युबिली' नावाचा उपक्रम सुरू झाला. ज्युबिली हा शब्द बायबलच्या जुन्या करारातला. दर पन्नासाव्या वर्षी गुलामांना सोडावे, जमिनी मूळ धन्याला परत द्याव्यात, अशी ती प्रथा. तिकडे रुग्णालये आणि वित्तसंस्था आपली थकलेली येणी वसुली करणाऱ्या कंपन्यांना विकतात. जितकी थकबाकी जुनी, तितका तिचा भाव कमी. कारण विकणाऱ्याने वसुलीची आशा सोडलेली असते. या मंडळींनी सुमारे ७ लाख डॉलर जमवले आणि त्यातून सुमारे ३ कोटी २० लाख डॉलरची कर्जे विकत घेऊन रद्द केली. २०१४ साली वसुलीच्याच धंद्यात आयुष्य घालवलेल्या दोघांनी रुग्णालयांची बिले अशीच विकत घेऊन माफ करणारी संस्था काढली. २०१६ साली जॉन ऑलिव्हर या दूरचित्रवाणीवरच्या विनोदकाराने सुमारे ६० हजार डॉलरमध्ये जवळजवळ दीड कोटी डॉलरची वैद्यकीय कर्जे घेऊन सुमारे ९ हजार लोकांना मोकळे केले.

आकडे ऐकून आपण हरखतो. शंभर रुपयांचे कर्ज एका रुपयाच्या आतबाहेर मिटते! पण वाण्याच्या पोराला इथे लगेच एक शंका येते. ज्या येण्याची बाजारात किंमत एक रुपया आहे, ते माफ करून आपण शंभराचे दान केले असे म्हणायचे का? हिशेबाने आपले दान एक रुपयाचे. उरलेले नव्याण्णव आधीच बुडालेले होते. त्या माणसाच्या डोक्यावरचा तगादा मात्र एक रुपयाचा नव्हता, पूर्ण शंभराचाच होता. म्हणून या व्यवहारात पैसा थोडा आणि भीती पुष्कळ असते. भीती काढून घेणे हेच त्यातले खरे दान. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

आता आपल्याकडचे पाहू. भारतात बँकेचे बुडीत कर्ज असे कुणालाही बाजारातून उचलता येत नाही. बँका ते विकतात, पण दुसऱ्या बँकांना, वित्तसंस्थांना किंवा रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना. तेव्हा आपली संस्था कर्ज 'विकत' घेऊ शकणार नाही. पण एक वाट आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या ४१ व्या कलमाप्रमाणे तिऱ्हाइताने केलेली फेड धनकोने एकदा स्वीकारली की त्याला ती ऋणकोकडे पुन्हा मागता येत नाही. ६३ व्या कलमाप्रमाणे धनको आपले येणे पूर्ण किंवा अंशतः सोडू शकतो. या दोन्हींच्या आधारे एकरकमी तडजोड करता येते. बँक काही रक्कम सोडते, उरलेली तिसरा माणूस भरतो.

याचे ठळक उदाहरण अमिताभ बच्चन यांचे. त्यांनी महाराष्ट्रातल्या साडेतीनशेहून अधिक शेतकऱ्यांची कर्जे फेडली. २०१८ च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशातल्या १,३९८ शेतकऱ्यांचे ४ कोटी ५ लाख रुपयांचे कर्ज बँक ऑफ इंडियाकडे भरले. २०१९ साली बिहारमधल्या २,१०० शेतकऱ्यांचे. उत्तर प्रदेशातला आकडा भागून पाहा. माणशी सुमारे २९ हजार रुपये होतात. आपल्या घरातल्या एका मोबाइलची किंमत. एवढ्या रकमेसाठी माणसाची झोप उडते, हे कळले तरी या व्याख्यानाचे काम झाले.

तर वाट आहे. मग करावे का? इथे मला आपल्या घरातला सगळ्यांत जुना दाखला आठवतो. तुकोबांचे घराणे सावकारीचे. सतराव्या शतकातल्या त्या भीषण दुष्काळानंतर त्यांनी लोकांकडून येणे असलेली खते इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली. पण परंपरेने जपलेला तिचा एक तपशील आपण विसरतो. धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, माझा संसार आहे, माझा वाटा मला द्या. तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले, कान्होबाचा त्याला दिला आणि फक्त आपला अर्धा वाटा नदीत सोडला.

मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. भावाचा वाटा बुडवण्याचा हक्क तुकोबांनी घेतला नाही. माफी देता येते ती स्वतःच्या येण्याची. सरकार कर्जमाफी करते तेव्हा ते सर्व करदात्यांच्या पैशातून फेड करते, त्याला तुकोबांचे नाव देऊ नये. बच्चन यांनी स्वतःच्या पैशाने दुसऱ्याचे देणे फेडले, तो तिसरा प्रकार. आपली संस्था वर्गणीतून करणार, म्हणजे चौथा. चारही चांगले असू शकतात. पण ते वेगवेगळे आहेत आणि त्यांचे पुण्य एकाच मापाने मोजता येत नाही.

तुकोबांच्या गोष्टीतली दुसरी बाब म्हणजे कागद नष्ट झाला. याचे महत्त्व कळायला आपल्या शेजारी पाहावे लागते. इथून थोड्याच अंतरावर तलासरी, डहाणू. तिथल्या वारल्यांमध्ये लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्या बदल्यात नवराबायकोने वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबायचे, अशी पद्धत होती. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. मुंबई सरकारसाठी सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३९ साली दिलेल्या अहवालात आदिवासींच्या या हलाखीची नोंद आहे. बांधील मजुरीत देशभर एक रिवाज दिसतो. गड्याला मालक बदलायचा असेल, तर नव्या मालकाने जुन्याचे देणे चुकते करायचे आणि गडी आपल्याकडे न्यायचा. म्हणजे परक्याचे कर्ज विकत घेणे ही आपल्या भागात काही नवी परोपकारी कल्पना नाही. ती माणूस विकत घेण्याची जुनी रीत होती. कागद फाडला गेला नाही, फक्त हात बदलला.

म्हणून जो कोणी परक्याचे कर्ज फेडतो, त्याने स्वतःला विचारावे की मी कागद फाडतो आहे, की माझ्या कपाटात ठेवतो आहे? कागद म्हणजे केवळ स्टॅम्पपेपर नव्हे. "तुमचे आम्ही भरले होते बरं का" हे वाक्यही कागदच. आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईचे कर्ज आपण फेडले आणि मग ती दिवाळीला गावी जायची सुट्टी मागायला कचरू लागली, तर ती कर्जमुक्त झाली नाही. तिने धनको बदलला.

लग्नगडी सुटले कसे, तेही पाहिले पाहिजे. १९४५ साली गोदावरी परुळेकर, शामराव परुळेकर आणि किसान सभेच्या लढ्यात वारल्यांनी वेठ आणि लग्नगडीपणा झुगारला. जमीनदाराला कुणी पैसे भरले नाहीत. पुढे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने तर अशी सगळी देणी मुळातच नाहीशी झाल्याचे ठरवले. इंग्लंडने उलटा रस्ता धरला होता. १८३३ साली गुलामी बंद करताना त्यांनी २ कोटी पौंडांची भरपाई ठेवली, ती गुलामांच्या मालकांसाठी. राबलेल्यांना काही नाही. देणेच अन्यायाचे असेल, तर ते फेडणे म्हणजे अन्याय करणाऱ्याला बक्षीस देणे. आपल्या निधीपुढे हा प्रश्न उभा राहणारच. दरमहा शेकडा दहा टक्के घेणाऱ्या बेकायदा सावकाराचे पैसे आपण भरायचे का? भरले, तर पुढच्या महिन्यात तोच पैसा तो दुसऱ्या घरात लावील.

शेजारच्या महाराष्ट्रात हा पेच सरकारलाही पडला. २०१५ साली शासनाने विदर्भ आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांची परवानाधारक सावकारांकडची कर्जे स्वतः फेडण्याची योजना आणली. आपल्या सूचनेच्या अगदी जवळचे असे हे उदाहरण. पण पैसे द्यायचे ते नोंदलेल्या सावकाराला आणि नोंदलेल्या व्यवहाराचे. जो शेतकरी अडचणीत बिनपरवाना माणसाकडे गेला, म्हणजे बहुधा जास्त गांजलेला, तो बाहेरच राहिला. त्याच्यासाठी २०१४ चा सावकारी नियंत्रण कायदा आहे. बेकायदा सावकाराने लुबाडलेली जमीन जिल्हा निबंधक त्यात परत देववू शकतात. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, पुरावा द्यावा लागतो आणि सोबत उभे राहणारे कुणी लागते.

आता थोडे माझ्या समाजाविषयी. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते लोण पसरले. अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर कापसाचा भाव कोसळला होता, सारा वाढला होता आणि खतांवरचे आकडे फुगत चालले होते. लोकांनी माणसांना फारशी इजा केली नाही. त्यांना कागद हवे होते. खते आणि हुकूमनामे मागून घेतले आणि जाळले. ते सावकार मुख्यतः मारवाडी आणि गुजराती, आणि त्यांत जैन घरेही होती. अहिंसेचे व्रत घेतलेल्या घरांच्या वह्या लोकांना जाळाव्याशा वाटल्या, हे मी जैन म्हणून डोळ्यांआड करू शकत नाही. चार वर्षांनी, १८७९ साली, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. नुसता खतावरचा आकडा पाहू नका, मूळ व्यवहार काय झाला तो तपासा, असे त्याने न्यायाधीशांना सांगितले. आपल्या जुन्या शास्त्रात दामदुपटीचा नियम होताच. थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक मागता येत नाही. म्हणजे घेणाऱ्याच्या हक्कालाही सीमा असते, हे या मातीला ठाऊक होते.

यातूनच शब्दांचा वाद आला. शरद जोशी आणि शेतकरी संघटना 'कर्जमाफी' या शब्दाला हरकत घेत. माफी गुन्हेगाराला असते, शेतकऱ्याने गुन्हा काय केला? त्यांची मागणी 'कर्जमुक्ती'ची होती. आज सरकारी योजनेच्या नावातही तो शब्द आला आहे. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले योजनेचे नाव शेतकरी कर्जमुक्ती योजना असे आहे. दरवर्षी २ ऑगस्टला मुक्तिदिन पाळणाऱ्या आपल्या सिल्वासाला माफी आणि मुक्ती यांतला फरक वेगळा सांगायला नको.

पण शब्द बदलला म्हणून माणसाला कसे वाटते ते बदलेलच असे नाही. आमच्या गल्लीतल्या एका किराणा दुकानात काही वर्षांपूर्वी घडलेले सांगतो. सुताच्या कारखान्यात काम करणारी एक आदिवासी बाई तिथे उधारीने माल घेई. बाकी अकराशेच्या वर गेली आणि ती येईनाशी झाली. दुकानदार भला माणूस. दिवाळीला वही बदलताना त्याने तिच्या नावावर रेघ मारली. सातआठ महिन्यांनी ती पदराच्या गाठीत पैसे घेऊन आली. वहीत तिचे खाते नव्हते. दुकानदाराने हसून सांगितले, "जाऊ दे, सोडले मी." तिने तिच्या बोलीत जे विचारले, त्याचा अर्थ असा: "शेठ, माझ्या नावावर रेघ का मारली? मी काय मेले होते?"

मी तिथेच उभा होतो. वहीत रेघ दोघांच्या नावावर मारतात, एक मेलेल्याच्या आणि दुसरी पळालेल्याच्या. तिला दोन्हींत धरले गेले होते. शिवाय खाते बंद झाले म्हणजे पुढची उधारीही बंद, हे तिला आपल्यापेक्षा चांगले कळत होते. दुकानदाराने पैसे घेतले, खाते पुन्हा उघडले आणि वर माल दिला. बँकांतही हेच घडते. तडजोडीने मिटवलेल्या कर्जापुढे पतनोंदीत 'सेटल्ड' असा शेरा पडतो. पूर्ण फेडलेल्याला 'क्लोज्ड'. पुढे कर्ज मागायला गेले की पहिला शेरा आडवा येतो. आपण ज्याला उपकार म्हणतो, त्याची अशी किंमत त्या माणसाला मोजावी लागू शकते. निदान त्याला ती आधी सांगून विचारले तरी पाहिजे.

माफीने माणूस सुधारतो का, याची तपासणीही झाली आहे. २०२४ साली अमेरिकेतल्या चार अर्थशास्त्रज्ञांनी मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष मांडले. ८३ हजारांहून अधिक लोकांची एकूण १६ कोटी ९० लाख डॉलरची वैद्यकीय कर्जे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून माफ केली, आणि माफी न मिळालेल्यांशी त्यांची तुलना केली. सरासरीने पाहता आर्थिक ओढाताण कमी झाली नाही आणि मनःस्वास्थ्यही सुधारले नाही. काही गटांत तर मनःस्थिती आणखी बिघडलेली दिसली. माफ करणाऱ्यांनाही हा धक्का होता.

याचा अर्थ मी माझ्या अनुभवावरून लावतो, तो अंतिम मानू नका. विकत मिळते ते स्वस्त कर्ज जुने असते. त्या माणसाने त्याची धास्ती सोसून सोसून तिच्याशी जुळवून घेतलेले असते. त्याच्या उशाशी आज बसलेला धनको दुसराच असतो. घरभाडे थकलेले, नवा हप्ता आलेला. आपण स्वस्त म्हणून जुने दुखणे विकत घेतो आणि ताजे तसेच राहते. दवाखान्यात मी जे रोज पाहतो ते इथेही लागू आहे. दुखणे हाडीमाशी खिळण्याआधी माणूस आला, तर थोडक्यात काम होते.

ताजे दुखणे कोणते? आपल्या परिसरात ते सूक्ष्मकर्जाच्या गटांत आणि मोबाइलवरच्या कर्जांत दिसते. दहाबारा बायकांचा गट असतो. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी भरायचा. जरा विचार करा, परक्याचे कर्ज फेडणे ही आपल्याला व्याख्यानाची बाब वाटते, पण त्या बायका ते हप्त्याच्या दिवशी करत असतात. कुणी कौतुक करत नाही. हप्त्याच्या आदल्या रात्री दवाखान्यात येणारी बाई मला सांगते, "माझा भरला आहे डॉक्टर, शेजारणीचा राहिलाय."

या बायकांना नियम कुणी सांगितलेले नसतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे, वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. वसुलीचा फोन सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर करता येत नाही. नातेवाइकांना फोन करून बदनामी करता येत नाही. याविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. आपल्या घरांत निवृत्त बँक अधिकारी आहेत, वकील आहेत, मराठी, गुजराती, हिंदी वाचणारे आहेत. एका रविवारी दोन तास कागद वाचून दाखवले, तर कितीतरी घरांची भीती एक रुपयाही न देता उतरेल.

भीती म्हटली की मला माझ्या धर्मातली शिकवण आठवते. आमच्याकडे दान चार प्रकारचे सांगितले आहे: आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. कागद वाचून दाखवणे हे शास्त्रदानच मानतो मी. आणि तगाद्यातून सोडवणे हे अभयदान.

पण जैन म्हणून माझ्यापुढे एक अडचणही ठेवली जाते. एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला विचारले, "डॉक्टर, कर्म ज्याचे त्यानेच फेडायचे, निर्जरा दुसऱ्याच्या वतीने होत नाही. मग दुसऱ्याचे कर्ज फेडून त्याच्या कर्मात आपण ढवळाढवळ करतो ना?" प्रश्न गंभीर आहे. माझे उत्तर असे की सावकाराचे व्याज हे माणसाने माणसाला लावलेले आहे. ते कर्माने लावलेले नाही. रोग्याला औषध देताना आपण कधी म्हणत नाही की हा ताप त्याचे कर्म आहे, राहू दे. तो ताप भोगणे त्याच्या वाट्याला असेल, तसे त्याला औषध देणे हे माझ्या वाट्याला आहे. आणि ज्यांनी हप्ते पोटाला चिमटा घेऊन वेळेवर भरले, त्यांना माफीच्या वेळी आपण मूर्ख ठरलो असे वाटते, ही तक्रारही खरी आहे. तिचे उत्तर एवढेच देता येते की आपल्या मदतीचा डंका वाजवू नये, आणि प्रामाणिकपणे भरणाऱ्यालाच आधी हात द्यावा, तो बुडेपर्यंत थांबू नये.

आता माझे मत. मी या सूचनेच्या बाजूने आहे, पण ती जशी मांडली गेली तशी नाही. निधी जमवावा, मात्र बेकायदा सावकाराला त्यातून एक पैसाही देऊ नये. तिथे अर्ज, वकील आणि सोबत द्यावी. जुनी थकबाकी स्वस्तात उचलण्यापेक्षा आजच्या आजाराचे, आजच्या फीचे देणे कर्ज होण्याआधीच भागवावे. ज्याचे फेडायचे त्याला आधी विचारावे, आणि 'नको' म्हणण्याचा किंवा जमेल तेव्हा थोडे परत करण्याचा त्याचा हक्क मानावा. पूर्ण फेड करून 'बाकी नाही' असा दाखला त्याच्याच हाती द्यावा, आपल्याकडे प्रतही ठेवू नये. नावे व्यासपीठावर वाचू नयेत. आणि अहवालात लिहायचे तर आपण किती खर्च केले तेवढेच लिहावे, किती माफ झाले तो फुगीर आकडा नको.

पण या सगळ्याआधी एक पायरी आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपली घरे इथे दोन-तीन पिढ्या स्थिरावली. आपण केवळ वर्गणीदार नाही, आपण धनकोही आहोत. कुणाची चाळ आहे आणि भाडे थकले आहे. कुणाचे दुकान आहे. कुणी मोलकरणीला उचल दिली आहे आणि ती दर महिन्याला पगारातून कापतो आहे. कुणी गावाकडच्या चुलतभावाला दिलेले पैसे वीस वर्षे मनात धरून आहे आणि लग्नकार्यात त्याच्याशी बोलत नाही. परक्याचे कर्ज विकत घेणे सोपे आहे, कारण त्यात आपले काही येणे नसते. तुकोबांनी परक्याच्या खतांना हात लावला नाही, स्वतःची बुडवली. तेव्हा निधीला पहिला रुपया देण्याआधी प्रत्येकाने आपली वही उघडावी. सगळी बाकी सोडा असे मी म्हणत नाही. संसार कान्होबालाही होता. एक पान पाहा. जिथे व्याज मुद्दलाच्या पुढे गेले आहे, जिथे माणूस आपल्याला टाळून दुसऱ्या गल्लीने जातो आहे, ते पान.

पर्युषणानंतर आमच्यात क्षमायाचना होते. त्या दिवशी नुसती क्षमा करत नाहीत. क्षमा करतो असे म्हणायचे आणि क्षमा मागायचीही. धाकट्याने थोरल्याची मागायची, तशीच थोरल्याने धाकट्याची, मालकाने नोकराची. कर्ज सोडतानाही मला हीच रीत योग्य वाटते. त्या पानावरच्या माणसाच्या घरी जा. इतकी वर्षे हे तुमच्या डोक्यावर ठेवले याबद्दल मला क्षमा करा, असे म्हणा. तो काय म्हणतो ते ऐका. कदाचित तो पैसे आणून देईल. ते घ्या आणि चहा पिऊन या.

त्यानंतर निधीच्या बैठकीला आलात, तर परक्याचे देणे कसे फेडायचे, हे मला आपल्याला सांगावे लागणार नाही.